गुण्यात बसलेली चौकट

गवंडी भिंत तपासतो तेव्हा पिशवीतून दोन वस्तू काढतो, ओळंबा आणि गुण्या. ओळंब्याने भिंत सरळ उभी आहे का ते कळतं, गुण्याने कोपरा काटकोनात आहे का ते. वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाची चौकट समजून घ्यायची तर कॅमेऱ्याआधी या दोन वस्तू डोळ्यांपुढे आणाव्या लागतात. माणूस मधोमध, मागची भिंत पडद्याला समांतर, टेबलाची कड आडवी, दारं उभी, रंग मोजून निवडलेले. हे चित्र आता इतकं ओळखीचं झालंय की ज्याने त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नाही तोही ते ओळखतो. त्यामुळेच गेली काही वर्षं त्याच्या प्रत्येक नव्या सिनेमाबरोबर तीच तक्रार येते: पुन्हा तेच, शिळ्या कढीला ऊत.

तक्रार खोटी आहे असं मला वाटत नाही. पण बोट चुकीच्या जागी ठेवलं जातंय. दोष सममितीला दिला जातो, आणि सममिती तर २००१ सालच्या ‘द रॉयल टेननबॉम्स’मध्येही होती; तेव्हा ती कुणाला शिळी वाटली नव्हती. पुनरावृत्तीने शैली मरत असती तर यासुजिरो ओझू हा जपानी दिग्दर्शक केव्हाच विस्मरणात गेला असता. माझ्या मते शैली शिळी होते ती चौकटीच्या आत तिला अडवणारं काही उरलं नाही की. माणूस, हवामान, खरी इमारत, नटाचं वय, काहीतरी आतून धक्का देत राहिलं पाहिजे. हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून आधी ही चौकट लागते कशी ते पाहू.

भिंतीवर मध्यरेषा आखायची. तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, समजा दीड-दीड मीटरवर, खुणा करायच्या. कॅमेऱ्यावर फिल्मचं प्रतल, म्हणजे आत फिल्म ज्या सपाट पातळीवर असते ती, दाखवणारी खूण असते, तिथपासून दोन्ही खुणांपर्यंत टेप लावायची. दोन्ही मापं सारखी आली आणि कॅमेरा मध्यरेषेकडेच रोखलेला असला, तर प्रतल भिंतीला समांतर आहे. मग उंची. माणसाच्या डोक्यावर मोकळी जागा हवी म्हणून कॅमेरा वर कलवला की दाराच्या उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. म्हणून कलवायचं नाही, अख्खा कॅमेराच वर उचलायचा. एरवीच्या सिनेमात एका अंशाची चूक कुणाला दिसत नाही, कारण मुळात काहीच समांतर नसतं. इथे टेबल, फरशी, खिडकी, अक्षरं सगळं समांतर असतं, त्यामुळे एक अंश घसरला तरी डोळ्याला टोचतो.

कॅमेरा सरकायचा असेल तर काम वाढतं. तो भिंतीला समांतर, खेकड्यासारखा आडवा जातो. ट्रॅकचे रूळ भिंतीपासून एक अंशाने जरी तिरके पडले तरी दहा मीटरच्या प्रवासात साडेसतरा सेंटीमीटरचा फरक पडतो. माणूस तीन मीटरवर उभा असेल तर तो प्रवासाच्या शेवटी सुरुवातीपेक्षा सुमारे सहा टक्के मोठा किंवा लहान दिसतो. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी वाहवलं हे जाणवतं. शिवाय जमीन कधीच सपाट नसते. रुळांखाली पाचरी ठोकत, पाणसळ लावत जावं लागतं आणि प्रत्येक सांध्यावर ट्रॉली ढकलून हादरा बसतो का ते बघावं लागतं.

या कामात एक मुंबईकर आहे. की ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याचे ट्रॅक आणि ट्रॉली सांभाळणाऱ्यांचे प्रमुख, संजय सामी ‘द दार्जिलिंग लिमिटेड’ (२००७) पासून अँडरसनबरोबर काम करत आले आहेत. अँडरसनला अनेकदा असा शॉट हवा असतो: कॅमेरा आडवा सरकत येईल, थांबेल आणि तोंड न वळवता सरळ पुढे जाईल. नेहमीची रुळावरची ट्रॉली हे करू शकत नाही, तिची चाकं रुळाच्याच दिशेने धावतात. सामींनी एकमेकांना काटकोनात छेदणारे ट्रॅक आणि एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाणारी रचना उभी केली. पडद्यावर हे अगदी सोपं दिसतं, जणू कुणी चित्राची पट्टी आधी डावीकडे ओढली आणि मग जवळ आणली. त्या दोन हालचालींमधला जोड प्रेक्षकाला दिसू नये यासाठीच सगळी मेहनत असते.

आणि तो झटक्याचा पॅन. कॅमेरा एका भिंतीसमोरून ९० अंशांत वळून दुसऱ्या भिंतीसमोर येतो आणि तिथेही चौकट तशीच मधोमध, तशीच सपाट. हे ऑपरेटरच्या मनगटाचं कसब आहे असं वाटतं. ते आहेच, पण त्याआधी ते सेटच्या भूमितीचं काम आहे. दोन्ही भिंती गुण्यात हव्यात आणि दोघींच्या मध्यातून काटकोनात निघालेल्या रेषा जिथे छेदतात नेमका तिथे कॅमेरा उभा हवा. ती जागा खांबाने किंवा खुर्चीने अडली असेल तर पॅन होणारच नाही. म्हणजे कॅमेरा कसा वळणार हे सुताराने पहिली फळी कापण्याआधी ठरलेलं असतं. पॅन दोन अंश पुढे गेला तर दहा मीटरच्या पडद्यावर माणूस मध्यापासून सुमारे तीस सेंटीमीटर सरकतो. मग ऑपरेटर हळूच मागे येतो, आणि ते हळूच मागे येणं सगळ्यांना दिसतं.

आता लेन्स, कारण माझ्या मते दुखण्याचं मूळ तिथे आहे. ‘रशमोर’ (१९९८) पासून अँडरसन आणि त्याचा छायाचित्रकार रॉबर्ट योमन यांची आवडती लेन्स म्हणजे ४० मिलिमीटरची अ‍ॅनामॉर्फिक. ही लेन्स चित्र आडवं दुपटीने दाबून फिल्मवर टिपते आणि प्रोजेक्टर ते पुन्हा उलगडतो. त्यामुळे उभ्या दिशेला ती ४० मिलिमीटरसारखी वागते आणि आडव्या दिशेला २० मिलिमीटरसारखी. तीन मीटरवर ठेवलेला हा कॅमेरा सुमारे ३.३ मीटर रुंद भिंत घेतो. मधोमध एक माणूस ठेवला तर त्याच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मीटरहून जास्त भिंत उरते.

या भिंतीवर काय ठेवायचं? खोलीचा कोपरा दिसत नाही, अंधारात विरणारी पार्श्वभूमी नाही. सपाट, उजळ, धारदार भिंत आहे. मोकळी सोडली तर ती विसरल्यासारखी दिसते. म्हणून चित्रं येतात, शेल्फं येतात, दोन्ही बाजूंना सारखे दिवे, लेबलं, पाट्या, शिक्के येतात. ‘द रॉयल टेननबॉम्स’मध्ये या भरण्याला पात्रांचं कारण होतं. लहानपणी गाजलेली आणि मोठेपणी थिजलेली तीन मुलं आपल्याच खोल्यांच्या संग्रहालयात राहतात, म्हणून भिंत भरलेली. पुढे पुढे भिंत भरली जाते कारण ती आहे. मला वाटतं, लोक ज्याला सममितीचा कंटाळा म्हणतात तो खरं तर या भरगच्चपणाचा थकवा आहे. डोळ्याला बसायला जागा नाही. त्यात संवाद झरझर जातात, शॉट पटापट बदलतात आणि प्रत्येक वस्तू वाचायला सांगते.

त्याच्या शेजारी ओझूचं गणित ठेवून बघा. ओझूची लेन्स ५० मिलिमीटरची, साधी, आणि चौकट जुन्या जवळजवळ चौरस प्रमाणाची. तीन मीटरवरून ती जेमतेम १.३ मीटर रुंदी घेते. बसलेला एक माणूस, त्याच्या शेजारी किटलीएवढी जागा, संपलं. इथे भरायचा प्रश्नच येत नाही, काय गाळायचं एवढाच येतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी जपानी स्टुडिओ रुंद पडद्याकडे धावले तेव्हाही त्याने आपली अरुंद चौकट सोडली नाही.

ओझूने शैली घडवली ती वजाबाकीने. तरुणपणीच्या, १९३२ च्या ‘मी जन्मलो, पण...’ या मूकपटात कॅमेरा सर्रास सरकतो. पुढे सरकणं कमी होत गेलं. १९५१ च्या ‘बाकुशू’मध्ये दोन बायका वाळूच्या टेकडीवरून चालतात तेव्हा क्रेन वर उचलली जाते, त्याच्या सगळ्या कामातला तो एकमेव क्रेन शॉट. १९५३ च्या ‘तोक्यो मोनोगातारी’त, म्हणजे ‘तोक्योची गोष्ट’मध्ये, उएनो भागात म्हातारं जोडपं भिंतीकडेला बसलेलं असताना कॅमेरा किंचित सरकतो आणि तेवढ्याने पोटात कालवतं. १९५८ पासूनच्या सहा रंगीत सिनेमांत कॅमेरा हललेलाच नाही. रंग आला तेव्हा त्याने आग्फाची फिल्म घेतली, कारण तिचा लाल त्याला हवा तसा होता. मग लाल किटली आली. ती एका शॉटमध्ये इथे आणि पुढच्या शॉटमध्ये तिथे असते, कारण चौकटीचा तोल त्याला वस्तूच्या जागेपेक्षा महत्त्वाचा वाटे. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याला घाम फोडणारी ही सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

त्याच्यावरही शिळेपणाचा आरोप झाला, आणि तो घरातूनच. पुढे मोठा दिग्दर्शक झालेला शोहेइ इमामुरा शोचिकु स्टुडिओत ओझूचा सहायक होता आणि नटांना असं साच्यात बसवणं त्याला पटत नव्हतं. १९५० चं दशक संपताना पुढे आलेल्या नव्या मुलांना हा लग्न जुळवणाऱ्या म्हाताऱ्यांचा सिनेमा जुनाट वाटे. पुढे २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांची मतं घेतली तेव्हा पहिला आला तो ‘तोक्यो मोनोगातारी’. यावरून काळ सगळ्यांना न्याय देतो असं मला म्हणायचं नाही, देत नाही. मला कुतूहल वेगळंच आहे: इतकी ताठ चौकट टिकली कशी?

टिकली, कारण चौकट स्थिर होती आणि तिच्या आतला जपान स्थिर नव्हता. १९४९ च्या ‘बानशुन’मध्ये, ‘उत्तर वसंता’त, दोघं सायकलवरून समुद्राकाठी जातात आणि रस्त्याच्या कडेला कोका-कोलाची पाटी उभी असते, अमेरिकेचा ताबा चालू आहे हे एका शब्दानेही न सांगता कळतं. १९५९ च्या ‘ओहायो’मध्ये पोरं टीव्हीसाठी मौन धरतात. १९६२ मध्ये, शेवटच्या सिनेमात, थोरला मुलगा फ्रिजसाठी म्हणून बापाकडून पैसे घेतो आणि त्याचा जीव गोल्फच्या काठ्यांत अडकलेला असतो. तीच खोली, तीच कमी उंची, तसेच माणसांचे सरळ भिंगाकडे वळलेले चेहरे, आणि आत दर वर्षी नवी वस्तू शिरते जिला त्या खोलीत जागा नाही. चौकट हलली असती तर हे हलणं दिसलं नसतं.

अँडरसनकडे वळताना हाच प्रश्न बरोबर नेतो: दर सिनेमात चौकटीला आतून कोण अडवतं?

‘द दार्जिलिंग लिमिटेड’मध्ये अडवते आगगाडी. राजस्थानात, खऱ्या रुळांवर धावणाऱ्या खऱ्या डब्यांत ते चित्रीकरण झालं. ब्रॉडगेज डब्याची बाहेरची रुंदीच सव्वातीन मीटरच्या आसपास, आत त्याहून कमी. स्टुडिओतली भिंत काढून कॅमेरा मागे घेता येतो, इथे मागे रूळ. गाडी डुलते, उजेड दर वळणावर बदलतो. चौकट गुण्यात बसवायची धडपड त्या डुलण्यात दिसत राहते आणि म्हणून ती जिवंत वाटते. मग नदीचा प्रसंग येतो. दोर तुटतो, मुलं पाण्यात पडतात, तिघे भाऊ उड्या घेतात, एक मूल हाती लागत नाही. इतका वेळ सांभाळलेला सगळा तोल तिथे मोडतो. पुढे गावात, इरफान खानने केलेल्या बापाच्या घरी, चौकट पुन्हा सावरते, पण आता तिच्यात कुणी गमतीने उभं नाही. हा सिनेमा भारताकडे पाहुण्याच्या नजरेने पाहतो हा आक्षेप मला मान्य आहे. तरी शैली कुठे मोडायची हे त्या दिग्दर्शकाला त्या दिवशी नेमकं कळलं होतं.

‘फॅन्टॅस्टिक मिस्टर फॉक्स’ (२००९) मध्ये अडवतात बोटं. तो बाहुल्यांचा सिनेमा, फ्रेमगणिक हाताने हलवलेला. सेकंदाला २४ ऐवजी बहुतेक ठिकाणी बारा स्थिती, प्रत्येक स्थितीचे दोन फ्रेम. दर वेळी बाहुलीला हात लागतो आणि तिची खरीखुरी लव विस्कटते. पडद्यावर ती सतत शहारल्यासारखी दिसते. या कामात हा दोष मानला जातो, म्हणून लव चिकटवून किंवा दुसरं कापड वापरून तो टाळतात. अँडरसनने तो मुद्दाम ठेवला. इतक्या नेटक्या जगात माणसाच्या बोटांचा ठसा दर सेकंदाला बारा वेळा उमटतो.

पण याच सिनेमाने त्याला एक सवयही लावली. बाहुल्यांच्या सिनेमात चित्रीकरणाआधी अ‍ॅनिमॅटिक करावंच लागतं, म्हणजे कच्च्या रेखाटनांचा हलता, आवाजासह, अचूक लांबीचा आराखडा. नंतर माणसांच्या सिनेमांनाही तो हेच करू लागला, आणि सगळ्या पात्रांचे आवाज स्वतः देऊ लागला. फायदा उघड आहे. नेमका सेटचा कोणता भाग बांधायचा, ट्रॅक किती मीटर लागेल, पाटीवरचं अक्षर किती सेकंद वाचलं जाणार, सगळं आधी कळतं आणि पैसा वाचतो. धोका तितका उघड नाही. नट सेटवर येतो तेव्हा त्याच्या वाक्याची लांबी ठरलेली असते, उभं राहायची जागा ठरलेली असते, वळायचा क्षण ठरलेला असतो. आपल्याकडे घराण्याची गायकी चाळीस वर्षं तीच राहिली तरी कुणी शिळी म्हणत नाही, कारण बंदिश तीच असली तरी त्या रात्रीचा आलाप त्या रात्रीच सुचतो. अ‍ॅनिमॅटिकच्या पद्धतीत आलापही आधी लिहिलेला असतो. म्हणून ही पद्धत स्वीकारल्यावर चौकटीला अडवणारं दुसरं काहीतरी आणणं भाग पडतं.

काही वेळा त्याने ते नीट आणलं. ‘मूनराइज किंगडम’ (२०१२) साठी त्याने ३५ मिलिमीटर सोडून सुपर १६, म्हणजे १६ मिलिमीटरची अरुंद फिल्म घेतली. कॅमेरे लहान झाले, बारा वर्षांच्या मुलांच्या उंचीला, झाडीत, समुद्राकाठी जाऊ लागले. फिल्मचा तुकडा लहान, त्यामुळे कण मोठे दिसतात. गुळगुळीत चौकटीला खरखरीत पोत आला. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) मध्ये तीन काळ आणि चौकटीची तीन प्रमाणं (रुंदी उंचीच्या किती पट): १९३२ साठी जुनी चौरसवजा १.३७, १९६८ साठी रुंद २.४०, १९८५ साठी १.८५. हे नुसतं सजवणं नव्हतं. चौरस चौकटीत माणसाच्या डोक्यावर भरपूर जागा येते, मग जिने, लिफ्ट, छत कामाला लागतात; आडवं विचार करण्याची सवय लागलेल्या माणसाला उभा विचार करावा लागतो. आणि हॉटेलचा दिवाणखाना उभा राहिला जर्मनीतल्या ग्योर्लिट्झ गावच्या १९१३ सालच्या रिकाम्या पडलेल्या दुकानाच्या इमारतीत. कलादिग्दर्शक अ‍ॅडम स्टॉकहाउसेनने १९३० चा सेट उभारून त्याच्या आत १९६० चा बुटका, उदास सेट बसवला. आधी तो चित्रित केला, मग सोलून काढला. खांब जिथे होते तिथेच होते. कॅमेऱ्याला त्यांचं ऐकावं लागलं.

‘द फ्रेंच डिस्पॅच’ (२०२१) मध्ये मात्र मला शिळेपणाची चव पहिल्यांदा लागली. रंगीत, कृष्णधवल, रेखाचित्रं, दंगलीत पुतळ्यासारखे थिजलेले नट, उपशीर्षकं चौकटीच्या कुठल्याही कोपऱ्यात. कल्पना एकापेक्षा एक सरस आहेत आणि एकही कल्पना दोन मिनिटं श्वास घेत नाही. चौकटीत जे काही आहे ते चौकटीसाठीच केलेलं आहे, त्यामुळे काहीच तिच्याशी भांडत नाही. तरीही त्याच सिनेमात एक जागा अशी आहे जी सारखी परत आठवते. पोलिसांचा स्वयंपाकी गुन्हेगारांचा विश्वास बसावा म्हणून विष घातलेला मुळा स्वतः खातो आणि वाचतो. शुद्धीवर आल्यावर सांगतो की त्या विषाला चव होती, आजवर कधी न घेतलेली, आणि या वयात नवी चव मिळणं दुर्मीळ. सिनेमातल्या मासिकासाठी हे लिहिणाऱ्या लेखकाने हा तुकडा फार दुःखी म्हणून टाकून दिलेला असतो. संपादक तो पुन्हा वर काढायला लावतो, म्हणतो सगळा लेख याच्यासाठी आहे. आयुष्यभर चवीचं काम केलेल्या माणसाला नव्या चवीसाठी विष खावं लागलं, हे लिहिणाऱ्याला स्वतःच्या शैलीबद्दल काय वाटत असेल याचा मी अंदाजच करू शकतो. पण प्रश्न त्यालाही पडलेला आहे, एवढं नक्की.

पुढचं काम त्या प्रश्नातून निघालं असं मला वाटतं. २०२३ मध्ये त्याने रोआल्ड डालच्या चार कथांवर लघुपट केले. त्यांतल्या ‘द वंडरफुल स्टोरी ऑफ हेन्री शुगर’ला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, अँडरसनचं पहिलंच. या चौघांत त्याने भिंत भरणं सोडलं. नट कॅमेऱ्याकडे बघून कथेची वाक्यं जशीच्या तशी सांगतात, ‘मी म्हणालो’सकट. मागे सेटवरचे कामगार येऊन भिंत ढकलून नेतात, खुर्ची देतात, कोट घेतात. ‘द रॅट कॅचर’मध्ये उंदीर कित्येकदा नटाच्या रिकाम्या हातात असतो, फक्त बोटांच्या पकडीवरून कळतो. ज्या दिग्दर्शकाकडे प्रत्येक चिठ्ठी खास छापून घेतली जाते त्याने वस्तूच काढून घेतली. ही ओझूची वजाबाकी नव्हे, ओझू कधीच रंगमंच उघडा करणार नाही. पण वजाबाकी आहे.

त्याच वर्षी, २०२३ च्या वसंतात, फोनवर त्याच्या शैलीच्या नकलांचं पेव फुटलं. लोक आपला नाश्ता, लोकलचा प्रवास, ऑफिसची लिफ्ट मधोमध ठेवून दाखवू लागले, मागे ‘द फ्रेंच डिस्पॅच’मधली संगीतकार अलेक्सांद्र देस्प्लाची धून. मग यंत्राने बनवलेल्या खोट्या जाहिरातीही आल्या. यांतल्या बहुतेकांत माणूस मधोमध आहे, रंग फिके आहेत, आणि भिंत अर्धा अंश तिरकी आहे, कारण फोन हातात धरलेला आहे. पण तिरकेपण हा खरा फरक नव्हे. नकलेत काहीच पणाला लागलेलं नसतं. नटाला वाक्य संपवायचं नाही, गाडी सुटणार नाही, कुणी मेलेलं नाही. दोन सिनेमांच्या मध्ये अशा हजार चौकटी डोळ्यांखालून गेल्यावर पुढचा मूळ सिनेमा नकलेसारखा दिसू लागतो. हा शिळेपणा बाहेरून चढलेला आहे, दिग्दर्शकाच्या हातात त्याचा इलाज नाही. ओझूच्या नशिबी हे आलं नाही. त्याच्यासारखं दृश्य लावायला मुळात घर बांधावं लागलं असतं.

आतल्या शिळेपणावरचा सगळ्यात जुना इलाज मात्र दोघांनीही वापरला: नटाचं वय. ‘बानशुन’मध्ये सेत्सुको हारा ही बापाला सोडून लग्न करायला तयार नसलेली मुलगी आहे. अकरा वर्षांनी, १९६० च्या ‘आकीबियोरी’त जवळजवळ तीच गोष्ट पुन्हा येते, आणि आता हारा आई आहे. मुलीचं लग्न व्हावं म्हणून स्वतः एकटी राहायला तयार झालेली आई. चौकट तीच, उंची तीच, जिथे बाप बसला होता तिथे आता ती. १९४९ चा चेहरा ज्याने पाहिला आहे त्याला १९६० च्या चेहऱ्यावरचं हसू सहन होत नाही. हे केवळ पुनरावृत्तीनेच साधतं. शैली दर वेळी बदलणाऱ्या दिग्दर्शकाला हे कधीच मिळणार नाही.

जेसन श्वार्ट्झमन १९९८ मध्ये ‘रशमोर’मधला पंधरा वर्षांचा मॅक्स होता, शाळेत नाटकं बसवणारा, अतिशहाणा, आई वारलेला. पंचवीस वर्षांनी ‘अ‍ॅस्टेरॉइड सिटी’त तो चार मुलांचा बाप आहे. मुलांची आई जाऊन तीन आठवडे झालेत आणि त्याने त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिच्या अस्थी प्लास्टिकच्या डब्यात आहेत. स्पेनमधल्या चिंचोन गावाजवळ रानात आख्खं वाळवंटी गाव उभारलं होतं, दूरचे डोंगरही बांधलेले. घरांच्या छतात झरोके ठेवून त्यांवर उजेड मऊ करणारं कापड ताणलं होतं, म्हणजे आत दिवे न लावता दिवसाच्या उजेडात काम व्हावं. त्यामुळे ते जग सगळीकडून सारखंच भाजून निघाल्यासारखं दिसतं, सावलीला जागा नाही. हा त्याच्या सगळ्या सिनेमांतला सर्वांत बांधीव सेट असेल.

आणि त्या सेटमध्ये हा माणूस तापलेल्या तव्यावर हात ठेवतो. का ठेवला, हे त्या पात्राला माहीत नाही, पात्र करणाऱ्या नटालाही माहीत नाही, कारण आपण बघतोय ते रंगीत गाव म्हणजे एक नाटक आहे आणि त्याच्याबाहेर कृष्णधवल जग आहे. तो नट प्रयोग चालू असताना रंगीत सेटच्या दारातून सरळ बाहेर पडतो, दिग्दर्शकाला गाठतो, आपण हे बरोबर करतोय का विचारतो. बरोबर करतोयस, गोष्ट सांगत राहा, एवढंच उत्तर मिळतं. मोकळी हवा घ्यायला तो बाहेरच्या गॅलरीत येतो. रुंद चौकट गेलेली असते, चौरसवजा चौकट आलेली असते. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत एक नटी उभी असते, मार्गो रॉबी. ती त्याच्या मेलेल्या बायकोचं काम करणार होती, पण तिचा प्रवेश कापला गेला. दोघांच्या मध्ये रस्त्याएवढी पोकळी, मागे एकही शेल्फ नाही, पाटी नाही, वाचायला काही नाही. ती त्याला विचारते, त्या प्रवेशातले संवाद आठवतात का. त्याला आठवत नाहीत. तिला तो अजून पाठ आहे. ती तिथेच उभी राहून त्याला तो म्हणून दाखवते.